अप्पासाहेब भोसल्यांच्या मनात किती शिरायचं?

जुनी_शुक्रवारी (प्रश्न)

नागपूरकर भोसल्यांवर रविवार पुरवणीसाठी लेखमाला लिहून राहिलो आहे. अप्पासाहेबांच्या भागाशी गाडी अडली. घटनाक्रम सगळ्यांना माहीत आहे: २७ मे १८१६ ला त्यांनी स्वतः इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला, १ फेब्रुवारी १८१७ ला गादीवरचे त्यांचे चुलतभाऊ पारसोजी मेले आणि गादी यांच्याकडे आली, आणि त्याच वर्षी २६-२७ नोव्हेंबरला सीताबर्डीवर त्याच इंग्रजांशी लढाई. ज्यांना घरात घेतलं त्यांच्यावरच दीड वर्षात तोफा का डागल्या, याचं उत्तर वाचकाला हवं असतं. संपादकांचं म्हणणं पडलं की लेखात तह दिसतात, माणूस दिसत नाही. म्हणून हा परिच्छेद घातला:

«पारसोजींच्या सावलीत वाढलेल्या अप्पासाहेबांच्या मनात लहानपणापासून न्यूनगंड घर करून होता. सत्तेची भूक आणि असुरक्षितता यांच्या कात्रीत सापडलेला हा अस्थिर माणूस आधी इंग्रजांना शरण गेला आणि भावाच्या खुनाच्या अपराधगंडातून, जणू स्वतःला शिक्षा करून घेण्यासाठीच, त्यांच्यावर उलटला.»

वाचायला बरं वाटतं, पण छापायचं धाडस होत नाही. लोकांसाठी लिहिलेल्या इतिहासात एवढं चालतं का? नसेल तर नेमकं काय चुकतं, आणि माणूस उभा करायला दुसरी वाट कोणती?

---

मोडीवाचक

मानसशास्त्र राहू द्या, आधी कागद कोणाचे ते बघू. तुमच्या परिच्छेदात «अस्थिर» हा शब्द आहे. तो कुठून आला? मागोवा घेतलात तर बहुतेक वेळा रिचर्ड जेनकिन्सपाशी पोचाल. जेनकिन्स त्या वेळी नागपूरचे रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी. सीताबर्डीची लढाई त्यांच्याच रेसिडेन्सीवर झाली. त्यांचा नागपूर राज्यावरचा मोठा अहवाल १८२७ चा, म्हणजे लढाईनंतर दहा वर्षांनी छापलेला. ज्याच्यावर हल्ला झाला त्यानेच हल्लेखोराचा स्वभाव लिहिला आहे, आणि तोही राजाला पदच्युत करण्याचं समर्थन सरकारदरबारी नोंदवून झाल्यानंतर.

तुम्ही म्हणाल, मराठी साधन घेऊ. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची भोसल्यांची बखर घ्याल. पण ती बखर जेनकिन्स यांच्याच सांगण्यावरून लिहिली गेली. म्हणजे तळटीपेत साधनं दोन दिसतात, एक इंग्रजी आणि एक मराठी, पण मागणी एकाच टेबलावरून गेलेली. पुढे १८७० चं मध्य प्रांताचं गॅझेटियर हीच माहिती उचलतं, गॅझेटियरवरून शालेय पुस्तकं, पुस्तकांवरून आपण. पाच जण एकच गोष्ट सांगतात म्हणून ती पाच वेळा सिद्ध झाली असं होत नाही.

स्वभावाबद्दलच्या प्रत्येक वाक्याला कागदावर पाच रकाने आखा: कोण म्हणतो, कधी लिहिलं, तेव्हा तो कुठे होता, स्वतः पाहिलं की ऐकलं, आणि असं म्हटल्याने त्याचा काय फायदा. पहिले चार पंधरा मिनिटांत भरतात. पाचव्याला वेळ लागतो आणि निम्मी वाक्यं तिथेच गळतात.

तारखेचा सापळा वेगळाच. पारसोजींचा मृत्यू १ फेब्रुवारी १८१७ चा. अप्पासाहेबांनी खून करवला हा आरोप इंग्रजांनी पुढे केला तो सीताबर्डी होऊन गेल्यावर, १८१८ मध्ये त्यांना अटक करतानाच्या काळात. मधल्या काळात याच रेसिडेन्सीने त्यांना राजा म्हणून मान्य केलेलं होतं. आरोप खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण तुमचा «अपराधगंड» हा आरोप खरा धरूनच उभा आहे. खून सिद्ध नाही, आणि त्या न सिद्ध झालेल्या खुनाचा पश्चात्ताप मात्र तुम्ही लढाईचं कारण म्हणून मांडता. पाया ओला असताना वर दुसरा मजला.

पत्रव्यवहार बघायचा तर नागपूर रेसिडेन्सी रेकॉर्ड्सचे निवडक खंड १९५० पासून नागपुरातच सरकारी छापखान्यात छापले गेले. नोव्हेंबर १८१७ च्या आधीची पत्रं वेगळी काढा, नंतरची वेगळी. दोन्ही गठ्ठ्यांत अप्पासाहेबांसाठी कोणती विशेषणं येतात ते समोरासमोर लिहा. विशेषण लढाईनंतरच उगवत असेल तर ते स्वभावाचं वर्णन नाही, निकालपत्र आहे.

---

ओपीडी_बाहेर

मानसोपचार शिकवण्याच्या बाजूने लिहितो.

«न्यूनगंड» ही मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड आडलरच्या सिद्धांतातली कल्पना आहे. आज निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही वर्गीकरणात त्या नावाचा आजार नाही. «अस्थिर» हा तर बोलण्यातला शब्द. मराठी लेखांत हल्ली «नार्सिसिस्ट», «बायपोलर», «डिप्रेशन» सर्रास येतात, तिथे अडचण उलटी आहे. या शब्दांना काटेकोर अटी आहेत आणि लेखकाने त्या बघितलेल्याच नसतात. डिप्रेशनचं निदान करायचं तर नऊपैकी किमान पाच लक्षणं, सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज. आणि त्या पाचांत उदास मन किंवा कशातच रस न उरणं यांपैकी एक असलंच पाहिजे. एखादा सरदार «तीन दिवस कोणास भेटला नाही» एवढ्या नोंदीवरून हे ठरत नाही. ताप, अफू, दारू, सुतक, रुसवा, राजकीय चाल, यांतलं काहीही असू शकतं.

दवाखान्यात समोर माणूस बसलेला असतो. त्याला उलट प्रश्न विचारता येतो, घरच्यांना वेगळं बसवून विचारता येतं, दोन आठवड्यांनी परत बोलावून आपलं पहिलं मत खोडता येतं. तरीही दोन डॉक्टरांची निदानं जुळत नाहीत असं होतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या बाबतीत यातलं एकही साधन हाती नाही.

जिवंत माणसांबाबतही हा प्रकार अंगाशी आलेला आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या मानसिक योग्यतेबद्दल एका मासिकाने १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना प्रश्न पाठवला. २,४१७ उत्तरं आली, त्यांतल्या १,१८९ जणांनी माणसाला न भेटताच «अयोग्य» म्हणून शेरा मारला. गोल्डवॉटर कोर्टात गेले आणि ७५,००० डॉलरची दंडात्मक भरपाई जिंकले. न तपासता जाहीर निदान करू नये हा तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचा नियम १९७३ चा. तो इतिहासातल्या माणसांना लागू नाही, तेव्हा «नियम मोडतो का» हा प्रश्न तुमच्यापुढे नाही. पण ज्या कारणाने नियम झाला ते कारण अप्पासाहेबांना दुप्पट लागू पडतं, कारण ते कोर्टातही जाऊ शकत नाहीत.

खुद्द फ्रॉइडही यात घसरले. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा मानसिक अभ्यास त्यांनी विल्यम बुलिट यांच्या जोडीने लिहिला. बुलिट हे व्हर्सायच्या तहावरून विल्सनवर चिडून १९१९ मध्ये राजीनामा दिलेले मुत्सद्दी. फ्रॉइडनी विल्सनबद्दलची आपली नावड प्रस्तावनेतच कबूल केली आहे. पुस्तक १९६० च्या दशकात बाहेर आलं तेव्हा फ्रॉइडच्या चाहत्यांनाही ते अवघड गेलं. माहिती देणारा दुखावलेला, अर्थ लावणारा नाराज: मोडीवाचक यांनी जेनकिन्सबद्दल जे लिहिलं तेच दुसऱ्या देशात.

आणि निदानं काळाप्रमाणे बदलतात. इंग्लंडचा तिसरा जॉर्ज आधी नुसता «वेडा» होता. १९६६ मध्ये मॅकालपाइन आणि हंटर यांनी पोर्फिरिया हा शारीरिक आजार सुचवला. तो इतका रुजला की पाठ्यपुस्तकांत गेला. मग मूळ नोंदी पुन्हा तपासल्यावर त्यावरही शंका आल्या आणि चर्चा परत उन्मादाकडे वळली. राजा तोच, कागद बहुतांशी तेच.

---

वऱ्हाडी_ठेचा

दोघांचंही पटलं, पण थोडं उलटं बोलतो. असं सगळंच छाटत गेलं तर उरते ती यादी: अमुक तारीख, अमुक तह, अमुक रक्कम. मग लोक कादंबरीकडे जातात, आणि तिथे तर माणसाच्या डोक्यात शिरायला कोणाची परवानगीच लागत नाही. हेतू शोधू नका असं इतिहासाला सांगून भागत नाही भाऊ. «का» विचारलं की मनाचा विषय निघतोच.

माझ्या मते गाळायचा आहे तो ठरावीक साचा. लहानपणीचा घाव, मग गंड, मग मोठेपणीचा निर्णय. हा साचा कोणावरही बसतो आणि तीच त्याची खोट आहे. परीक्षा सोपी आहे: उलटी घटना घालून बघा. अप्पासाहेब शेवटपर्यंत इंग्रजांशी इमानाने राहिले असते तर तुम्ही काय लिहिलं असतं? «न्यूनगंडामुळे बलवानाच्या आधाराला चिकटून राहिले.» लढले तरी न्यूनगंड, नाही लढले तरी न्यूनगंड. जे कारण दोन्हीकडून बसतं ते काहीच सांगत नाही बाप्पा.

आई लवकर गेली, बाप लवकर गेला, हेही तसंच. त्या शतकांत बाळंतपणात बायका जात, लढाईत बाप जात, देवीच्या साथीत भावंडं जात. पोरकेपण घरोघरी होतं. त्यातून एखादाच निर्णय कसा निघाला हे दाखवायचं तर बाकीच्या पोरक्यांनी तो का घेतला नाही तेही सांगावं लागेल.

छत्रपती संभाजी महाराजांचं उदाहरण घ्या, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान तिथेच झालं. सईबाई १६५९ मध्ये गेल्या, तेव्हा राजे दोन वर्षांचे. त्यावर «मातृवियोगातून आलेला बेबंदपणा» अशी मांडणी लई वर्षं चालली. पण बेबंदपणाचा पुरावा काय? मोठा आधार मल्हार रामराव चिटणीसांची बखर. ती महाराजांच्या बलिदानानंतर सव्वाशे वर्षांच्या आसपास लिहिलेली, आणि लिहिणारा त्या बाळाजी आवजी चिटणीसांच्या घराण्यातला, ज्यांना १६८१ मध्ये महाराजांनीच देहदंड दिला. वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षं समकालीन कागद जमवून १९६० मध्ये चरित्र काढलं, नंतर कमल गोखले यांनी आणखी काम केलं, तेव्हा ती प्रतिमा ढासळली. आता सांगा, ज्या बेबंदपणाचं मानसशास्त्रीय कारण इतकी वर्षं शोधलं तो बेबंदपणाच पुराव्यात बसत नसेल, तर त्या कारणाचं काय लोणचं घालायचं?

बायकांच्या बाबतीत तर साचा आणखी स्वस्त. सोयराबाई मत्सरी, आनंदीबाई कारस्थानी, आमच्या नागपूरच्या बाकाबाई (दुसऱ्या रघुजींची राणी) सत्तालोलुप. दरबारातल्या पुरुषाने गट बांधला की ते राजकारण, बाईने बांधला की स्वभाव.

---

जुनी_शुक्रवारी

रकाने आखून बघितले. दोन वाक्यांच्या परिच्छेदात आठ दावे निघाले आणि एकाही दाव्याला समकालीन, पाहिलेला साक्षीदार नाही. «पारसोजींच्या सावलीत वाढलेल्या» हे तर माझं मीच घातलेलं. अप्पासाहेब व्यंकोजींचे पुत्र, पारसोजींचे चुलतभाऊ. लहानपणी कोण कोणाच्या सावलीत होतं याचा कागद माझ्याकडे नाही.

«असावा», «नसावा» घालून सौम्य केलं तर?

---

लाल_पेन

पुरवण्यांचं संपादन करणाऱ्या माणसाचं उत्तर घ्या: «असावा» हा तुमचा बचाव आहे, वाचकाचा नाही. वाचक तो गिळून पुढे जातो. शिवाय «असावा» एकट्याने येत नाही. «त्यांना एकटं वाटत असावं, त्यातून संशय वाढला असावा, आणि म्हणून त्यांनी पेशव्याचा हात धरला असावा.» प्रत्येक पायरी ७० टक्के खरी धरली तरी तीन पायऱ्या मिळून ३४ टक्के होतात. म्हणजे साखळी खोटी असण्याची शक्यता खरी असण्यापेक्षा जास्त, आणि वाक्य मात्र कसं सरळ चालीचं. एका परिच्छेदात एकच «असावा», आणि त्याच्या मागे-पुढे त्याला धरणारी एक ठोस घटना, एवढी सवलत मी देतो.

मजकूर तपासताना मी आधी क्रियाविशेषणांवर लाल रेघ मारतो: मनोमन, आतून, नकळत, कुठेतरी खोलवर, जणू. हे शब्द आले की तिथे लेखक पुराव्यावरून उतरून डोक्यात शिरलेला असतो. त्यानंतर «गंड» आणि «मानसिकता». आणि रात्री. लोकप्रिय इतिहासात मोठ्या निर्णयाच्या आदल्या रात्री कोणालाच झोप येत नाही, गवाक्षाशी उभं राहायचं ठरलेलं. कोणी पाहिलं?

ठेचाभाऊ म्हणतात तो माणूस कसा उभा करायचा? त्याच्यापुढचे पर्याय दाखवून. त्या दिवशी त्याला काय माहीत होतं, काय माहीत नव्हतं, कोणती दारं उघडी होती आणि प्रत्येक दाराची किंमत किती, हे लिहा. ताण वाचकाला आपोआप जाणवतो, तुम्ही «तणावग्रस्त» लिहायची गरज पडत नाही. तुमचा परिच्छेद मी असा लिहीन:

«२२ मार्च १८१६ ला दुसरे रघुजी गेले. गादीवर बसले ते दृष्टी गेलेले, अर्धांगाने खिळलेले पारसोजी, आणि कारभार कोणाच्या हाती जायचा यावरून वाड्यात दोन तट पडले. अप्पासाहेबांना आपला तट तगवायला बाहेरचा आधार हवा होता. देवगावच्या तहात, १८०३ मध्ये, कटक आणि वर्धेपलीकडचा वऱ्हाड गमावलेल्या या दरबारात इंग्रजांशिवाय तसा आधार देणारा जवळ कोणी नव्हता. मे महिन्यात तह झाला, कारभारीपद पक्कं झालं, आणि तैनाती फौजेसाठी वर्षाला साडेसात लाख रुपये द्यायचं कबूल झालं. पुढच्या फेब्रुवारीत पारसोजी मेले. ज्या तटाविरुद्ध आधार घेतला तो तट उरला नाही; साडेसात लाखांचा हप्ता उरला. ५ नोव्हेंबरला खडकीला पेशव्याने इंग्रजांवर हत्यार उचललं. २४ नोव्हेंबरला अप्पासाहेबांनी नागपुरात दरबार भरवून पेशव्याने पाठवलेली सेनापतिपदाची वस्त्रं स्वीकारली. दोन दिवसांनी सीताबर्डीच्या टेकडीवर गोळीबार सुरू झाला.»

यात मनाबद्दल एकच विधान आहे, «आधार हवा होता», आणि त्यामागे तट पडल्याची घटना आहे. खुनाचा आरोप वेगळ्या परिच्छेदात घ्या: आरोप कोणी केला, कधी केला, पारसोजींच्या मृत्यूच्या वेळी रेसिडेन्सीने काय केलं. तारखा शेजारी ठेवल्या की वाचक आपलं मत आपण करतो.

मनाबद्दल लिहायचंच असेल तर माणसाची पुन्हा पुन्हा दिसणारी वागणूक लिहा. अप्पासाहेबांच्या बाबतीत तशी वागणूक कागदावर आहे, आणि ती तुमच्या «अस्थिर» शब्दाच्या बरोबर उलट जाते. १६ डिसेंबर १८१७ ला ते रेसिडेन्सीच्या स्वाधीन झाले, जानेवारीत कडक अटींवर गादीवर परत बसवले गेले, मार्चमध्ये कैद झाले. मे १८१८ मध्ये अलाहाबादला नेत असताना पहाऱ्यातून निसटले. महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाने राहिले, तिथून असीरगड, मग उत्तरेत लाहोरपर्यंत, शेवटी जोधपूरच्या मानसिंगांकडे. १८४० मध्ये तिथेच वारले. बावीस वर्षं इंग्रजांच्या हाती न लागलेल्या माणसाला गंड होता की नव्हता ते बाजूला ठेवा. चिवटपणा होता, एवढं पुराव्यानिशी लिहिता येतं. हा भाग तुमच्या मसुद्यात अर्ध्या ओळीत आटोपला आहे. तो वाढवा.

---

ओपीडी_बाहेर

लाल पेन यांच्या मसुद्याला एक पुस्ती. मानसिक किंवा शारीरिक आजाराची नोंद कागदात खरोखरच असेल तर ती लपवू नका, फक्त आजच्या आजाराचं नाव डकवू नका. सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्यातून पडून दगावले. त्या आधी ते तापाने आजारी होते ही गोष्ट, आणि आत्महत्या, तापातला भ्रम, निव्वळ अपघात ही तिन्ही मतं मांडता येतात. «नानांच्या धाकाने आलेलं नैराश्य» असं एकच छापलं की बाकीची दोन वाचकापासून चोरली जातात. जुन्या कागदांत «वायू झाला», «भ्रम झाला» असं येतं तेव्हा त्यात तापातल्या बरळण्यापासून झटक्यापर्यंत काहीही बसतं. शब्द आहे तसा अवतरणात द्या, कोणी लिहिला ते द्या, आणि थांबा.

---

जुनी_शुक्रवारी

मसुदा मोडून पुन्हा बांधतो. पारसोजींबद्दल शेवटचं विचारतो. इंग्रजी साधनांत त्यांच्यासाठी «इम्बेसाइल» येतं. मराठीत «मतिमंद» लिहू?

---

मोडीवाचक

नका लिहू. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो शब्द कारभार करायला असमर्थ अशा कोणालाही लावत. बुद्ध्यंकाची पायरी म्हणून त्याला अर्थ आला तो विसाव्या शतकात. शिवाय गॅझेटियर म्हणतं की गादीवर आल्यावर त्यांची अवस्था आणखी बिघडली. तसं असेल तर ते जन्मजात मंदत्व नव्हे, वाढत गेलेला आजार. आणि ते «असमर्थ» ठरण्यात अप्पासाहेबांचा फायदा, तह करून घेणाऱ्या रेसिडेन्सीचाही फायदा. पाचवा रकाना इथेही भरा. «दृष्टी गेलेली, अर्धांगाने आजारी, कारभार पाहण्याच्या स्थितीत नाहीत असं इंग्रज नोंदी म्हणतात» एवढं पुरे.

विदर्भ संशोधन मंडळात गेलात तर यादव माधव काळे यांचा नागपूर प्रांताचा इतिहासही काढून बघा. गुप्ते यांच्या बखरीची छापील आवृत्तीही काळे यांनीच सिद्ध केली आहे, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून वाचायची. आणि पुरवणीवाल्यांना आत्ताच सांगून ठेवा: मथळा ते देतात, आणि आत कितीही जपून लिहिलं तरी वर «वेडा राजा, कपटी भाऊ» छापून मोकळे होतात. मथळा तुमचा तुम्हीच द्या, पर्यायी दोन जोडून.

---

वऱ्हाडी_ठेचा

आणि चित्राखालची ओळ पण. तिथे कोणी बघत नाही आणि सगळे तेच वाचतात.